रिसॉर्ट कोणाचं, माणसं कोणाची? वाचकांचे सवाल, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात उन्हाळी सफारीवर लेख होता, कोणत्या गेटातून जावं, जिप्सी कधी बुक करावी, पाण्यावर वाघ किती वाजता येते वगैरे. त्याच्या खाली चौकटीत मी दोनच ओळी टाकल्या होत्या, की वाघ पाहून रूमवर आल्यावर तुमची चादर बदलणाऱ्या बाईलाही जरा विचारा, पगार वेळेवर होते का म्हणून. झालं! लेखावर पत्रं आली चार आणि त्या दोन ओळींवर आली ढीगभर. संपादक म्हणाले, ताई, आता हे तुम्हीच निस्तरा. तं निस्तरते. कामगार कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालून उन्हात उभी राहिलेली बाई आहे मी, मधेमधे कलमं येतील, सांभाळून घ्या. नावं, गावं, रिसॉर्टची नावं सगळी काढली आहेत, कारण लिहिणाऱ्यांना उद्या तिथंच कामावर जायचं आहे.

सवाल: ताई नमस्कार. मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावची. चार वर्षं झाले रिसॉर्टमधी हाऊसकीपिंगले जातो, गावच्या आम्ही अकरा बाया आहो. पगार ठेकेदार देते. मार्च-एप्रिलचा पगार नाही भेटला, ठेकेदार फोन उचलत नाही, मॅनेजरले विचारलं तं म्हणते तुम्ही आमच्या स्टाफच्या नाहीच, तुमचं तुम्ही पाहा. युनिफॉर्मवर मात्र रिसॉर्टचंच नाव हाय. आता जुलैत कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद झालं की कामही बंद होईन. काय करावं?

उत्तर: बाई, पहिले एक काम करा, तो युनिफॉर्म अंगात घालून गेटसमोर फोटो काढा, पाटी दिसली पाहिजे. काहून सांगते, कोर्टात मी असे किती दावे पाहिले की बाई खरी, पैसे खरोखर बुडालेले, पण ती तिथं कामाला होती हे दाखवायला कागदाचा चिटोराही नाही. हजेरी वहीचा फोटो, ठेकेदाराचा 'उद्या सात वाजता सगळ्या या' असा व्हॉट्सअॅप मेसेज, आधीच्या पगाराची बँकेतली एन्ट्री, जे असेल ते जमा करा आणि सगळं एकाच मोबाइलवर ठेवू नका, दोघीतिघींकडे ठेवा, आपल्याकडे मोबाइल बादलीत पडते.

आता मॅनेजरचं वाक्य. 'तुम्ही आमच्या नाहीच' हे वाक्य मी सिमेंट कारखान्यात ऐकलं, खाणीत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, आता रिसॉर्टमध्ये ऐकते आहे, बाकी त्यात नवीन काही नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही तं मूळ मालकानं द्यावा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. पण तो कायदा एवढी-एवढी माणसं असली तरच लागायचा म्हणून छोटे रिसॉर्टवाले हात वर करायचे. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यातल्या २०१९ च्या वेतन संहितेत सरळ म्हटलं आहे की पगार देणाऱ्यानं नाही दिला तं ज्या मालकाच्या जागेवर माणूस राबते त्या मालकावर ते देणं येते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे, आणि राहिलेल्या पगारासाठी दावा करायला ३ वर्षं आहेत. पण तुम्ही ३ वर्षं थांबू नका, ठेकेदार तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावानं उभा राहते.

अकरा जणींच्या सहीचा एकच अर्ज करा. एकटीनं केला तं तिलाच उद्यापासून येऊ नको म्हणतील, अकरा जणींना एकदम काढलं तं शनिवारी रूम कोण साफ करते? अर्ज चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, शिक्का, तारीख, सही. त्याचीच एक प्रत रिसॉर्टच्या हेड ऑफिसला स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. हे पाठवायला विसरू नका, कारण मुंबईत, गुडगावात बसलेल्या मालकाला खाली काय चाललं आहे हे पुष्कळदा माहीत नसते, किंवा माहीत नसल्याचं सोंग करायची सोय असते, कागद गेला की ती सोय संपते. वकिलाचे पैसे कुठून आणू असं मनात असेल तं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला तिथं फुकट वकील भेटते, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००.

पावसाळ्याचं उत्तर माझ्याकडे गोड नाही. सीझन बंद असताना घरी बसल्याचा पगार द्या असं सरसकट म्हणणारा कायदा नाही, तुम्ही रोवणीला जाल हे मालकालाही माहीत आहे आणि तो त्याच हिशोबानं चालते. पण ऑक्टोबरमध्ये कोअर उघडल्यावर ह्याच अकरा जणींना पहिले बोलवू असं लेखी मागा.

एक माझं सांगते. भाचीच्या लग्नाच्या निमित्तानं एका मोठ्या रिसॉर्टात दोन रात्री राहिली होती मी. खोलीत टॉवेलचा हंस करून ठेवलेला, भिंतीवर गोंडी चित्रं, मातीच्या रंगाच्या भिंती. रात्री लाइट गेली तं जनरेटरच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेली, तिथं मागं टिनाच्या शेडमध्ये स्टाफ झोपलेला, जनरेटरच्या धुरात, एका पंख्याखाली चौदा माणसं, मेचा महिना. हंस करणारा पोरगा तिथंच झोपला होता. त्यानंतर मला त्या टॉवेलनं तोंड पुसवलं नाही.

सवाल: मी अमरावतीला टुरिझमचा डिप्लोमा करतो, घर वरुडकडे. आमच्या सरांनी शिकवलं की ट्रॅव्हल कंपन्यांवर मानवाधिकारांची जबाबदारी असते. पण मानवाधिकार पाळायचं काम तं सरकारचं ना? कंपनीनं टॅक्स भरला, लायसन काढलं, संपलं. ठेकेदारानं काही केलं त्यात कंपनीचा काय दोष?

उत्तर: बाळा, तुझ्या बहिणीच्या लग्नात पंगतीतल्या जेवणानं शंभर माणसं दवाखान्यात गेली तं तुझे बाबा लोकांना म्हणतील का, की आचारी माझा नाही, ठेक्यानं आणला होता? म्हणून पाहा म्हणा. पत्रिकेवर नाव कोणाचं, मांडव कोणाचा, लोक कोणाच्या बोलावण्यावर आले? झालं तुझं उत्तर, पण तू शिकतो आहेस तं थोडं लांबवून सांगते.

हा सवाल जगात खूप वर्षं लटकलेला होता. कंपन्या म्हणायच्या सरकार पाहील, गरीब देशातली सरकारं म्हणायची कंपनी पळून जाईल. २००५ मध्ये युनोनं जॉन रगी नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांना यात घातलं, सहा वर्षं ते देशोदेशी फिरले, आणि १६ जून २०११ ला युनोच्या मानवाधिकार परिषदेनं त्यांची ३१ तत्त्वं मान्य केली. परीक्षेसाठी विचारत असशील तं तीन शब्द पाठ कर, रक्षण, आदर, दाद. रक्षण करायचं सरकारनं, आदर ठेवायचा कंपनीनं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद भेटली पाहिजे दोघांकडूनही. सरकार झोपलेलं असलं तरी कंपनीची जबाबदारी उरतेच, ही त्यातली खरी गोम.

त्यातलं १३ वं तत्त्व तुझ्या सवालाचं आहे. कंपनी तीन तऱ्हेनं अडकते. एक, स्वतः केलं, म्हणजे रिसॉर्टनंच पगार दाबला. दोन, हातभार लावला, म्हणजे मोठ्या टूर कंपनीनं रूमचा रेट इतका पाडला, वरून पैसे नव्वद दिवसांनी देतो म्हटलं, की रिसॉर्टनं कुठून काटायचं? गेस्टचं पनीर नाही काटत कोणी, धुणीभांड्याच्या बाईची हजेरी काटते. आणि तीन, स्वतः काही केलं नाही पण धंद्यानं जोडलेला आहे, म्हणजे मोबाइलवरचं बुकिंग अॅप, जे त्या रूमवर कमिशन खाते. तिसऱ्यालाही म्हणता येत नाही की माझा काय संबंध, त्यानं निदान विचारलं पाहिजे, दबाव टाकला पाहिजे, ऐकत नसेल तं यादीतून काढलं पाहिजे. आता हा काही कायदा नाही बरं, कामगार कोर्टात ही तत्त्वं वाचून दाखवली असती तं साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं असतं माझ्याकडे. पण ह्याच्यावरून पुढं कायदे निघाले. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ३ कोटी ६० लाख पाउंडांच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपनीला दरवर्षी लिहून द्यावं लागते की आमच्या धंद्यात, आमच्या पुरवठ्यात वेठबिगारी नाही हे पाहायला आम्ही काय केलं. जर्मनीनं २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांपर्यंत तपासायला लावलं. युरोपचा मोठा कायदा २०२४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी तो ढिला करायची खटपट सुरू झाली, म्हणजे तिकडंही आपल्यासारखंच आहे.

टुरिझमवाल्यांमधलं एक चांगलं उदाहरण देते. कुओनी नावाची स्वित्झर्लंडची टूर कंपनी, तिनं २०१२ मध्ये केनियात आणि नंतर भारतात, आपल्या टूरमुळे स्थानिक लोकांच्या हक्कांवर काय परिणाम होते याचा अभ्यास करून अहवाल जाहीर केला. आपल्याच धंद्यातलं आपणच उकरून छापायचं! आपल्याकडच्या किती जणांची हिंमत आहे ते तुझ्या सरांना विचार.

आणि भारतात काहीच नाही असं नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं काढली, त्यातलं पाचवं मानवाधिकारांचं आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं दरवर्षी त्याचा तक्ता भरून द्यावा लागते, किती कामगार, किती जणांना किमान वेतन, तक्रारी किती आल्या. मोठ्या हॉटेल कंपन्या त्यात येतात, अहवाल वेबसाइटवर फुकट आहेत. माझं ऐकशील तं प्रोजेक्टला हाच विषय घे, एखाद्या कंपनीचा तक्ता काढ आणि मग तिच्या मोहर्लीकडच्या किंवा पेंचकडच्या प्रॉपर्टीच्या मागच्या गेटावर सकाळी साडेसहाला जाऊन उभा राहा.

सवाल: रिसॉर्टनं आमच्या शाळेत दप्तरं वाटली, सौरदिवे लावले. मी ग्रामसभेत कामगारांच्या पगाराचं काढलं तं सरपंच म्हणाले, जे आपल्याले देते त्याच्यावरच भुंकता का. माझं चुकलं का?

उत्तर: नाही चुकलं. दप्तर हे दान, पगार हे देणं, दानातून देणं फिटत नाही, किराणावाल्याची उधारी ठेवून देवळात पंखा दिल्यासारखं आहे ते. आणि सरपंचांना हेही सांगा, कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करावेच लागतात. तुमच्या रिसॉर्टची कंपनी एवढी मोठी असेल तं दप्तरं ही मेहरबानी नाहीच मुळी. आणि गंमत म्हणजे फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च त्या २ टक्क्यांत दाखवता येत नाही. तो वेगळाच करावा लागते. सौरदिव्याचा फोटो आला म्हणून स्टाफच्या संडासाचं काम झालं असं होत नाही.

सवाल: मी मेळघाटाकडच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, वय २३. रात्रीच्या शिफ्टला एक गेस्ट दोनदा दारू पिऊन काउंटरवर आला, हात धरला, रूमवर पाणी घेऊन ये म्हणाला. मालकाला सांगितलं तर म्हणतात, नेहमीचा गेस्ट आहे, वर्षातून पाच वेळा ग्रुप आणतो, तू हसून टाळत जा, अतिथी देवो भव. तो आमचा स्टाफ नाही त्यामुळे कमिटीतही जाता येत नाही असं मॅडम म्हणाल्या. घरी सांगितलं तर नोकरी सोडायला लावतील.

उत्तर: मॅडमचं चुकलं आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घ्या, त्यात मालकाची कर्तव्यं दिली आहेत, कलम १९, आणि तिथं पहिलंच कर्तव्य असं आहे की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनसुद्धा बाईला सुरक्षित ठेवायचं. हॉटेलात संपर्कात कोण येते, गेस्टच ना? पुढं त्याच कलमात आहे की छळ करणारा कर्मचारी नसेल आणि बाईची इच्छा असेल तं मालकानं स्वतः फौजदारी कारवाई सुरू करून द्यायची. म्हणजे 'हसून टाळ' हा सल्ला देणारा मालक आपलं काम टाळून तुमच्यावर ढकलते आहे. हात धरला, रूमवर बोलावलं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ चा विषय होऊ शकते.

हॉटेलात १० किंवा जास्त माणसं असतील तं अंतर्गत समिती पाहिजेच, नसेल तं मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. माणसं कमी असतील, किंवा तक्रार मालकावरच असेल, तं जिल्ह्याला स्थानिक समिती असते, अमरावतीला कलेक्टर ऑफिसात विचारा. तक्रार ३ महिन्यांच्या आत, लेखी. कारण पटलं तं आणखी ३ महिने वाढवून भेटतात. आजच्या आज दोन्ही रात्रींची तारीख, वेळ, कोण ड्युटीवर होतं हे वहीत लिहा आणि सीसीटीव्ही जपून ठेवा असा मालकाला लेखी मेसेज पाठवा, कारण ते फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जाते आणि मग सगळे म्हणतात काही झालंच नव्हतं.

हा कायदा कुठून आला माहीत आहे का, राजस्थानातल्या एका खेड्यात सरकारी योजनेचं काम करणाऱ्या बाईवर अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला. खेड्यातल्या बाईमुळे आलेला कायदा खेड्यातच पोचला नाही म्हणजे पाहा. घरच्यांचं म्हणाल तं, सगळं नका सांगू, पण एका तरी बाईमाणसाला सांगा, मावशी, वहिनी, कोणीही. एकटीनं वहीत लिहून ठेवलेलं वेगळं आणि कोणाला तरी सांगितलेलं वेगळं, कोर्टातही आणि एरवीही.

सवाल: मी घरच्या दोन खोल्या होमस्टे म्हणून अॅपवर टाकल्या आहेत. मागच्या महिन्यात पन्नाशीचा माणूस पंधरा-सोळाची वाटणारी पोरगी घेऊन आला, भाची आहे म्हणाला, तिचं आधार घरी राहिलं म्हणाला, पोरगी मान वर करत नव्हती. मी रूम फुल आहे म्हणून परत लावले. पण मनात राहिलं. पुढच्या वेळी काय करू? (आमच्याकडे चहापाणी माझा तेरा वर्षांचा भाचा पाहते, त्याचंही काही होईन का?)

उत्तर: परत लावले इतकं पुरत नाही भाऊ, ते पुढच्या गावच्या होमस्टेत गेले असतील. १८ च्या आतल्या लेकराचं लैंगिक शोषण झालं किंवा होईल अशी शंका आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ नं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शंका खोटी निघाली तं आपल्यावर येईल ही भीती सगळ्यांना असते, पण चांगल्या मनानं दिलेल्या खबरीला कायद्यात संरक्षण दिलं आहे. १०९८ किंवा ११२. माणसाला ओसरीवर बसवा, चहा द्या, रजिस्टर सापडत नाही म्हणा, आणि मागं जाऊन फोन लावा. भांडण करू नका.

अॅपवाल्यांनी हे तुम्हाला शिकवायला पाहिजे होतं, हे मात्र मी ठासून म्हणते. थायलंडमधून १९९० ला सुरू झालेली एकपॅट नावाची संघटना आहे, तिच्या पुढाकारानं १९९८ मध्ये टूर कंपन्यांसाठी सहा कलमांची आचारसंहिता झाली, त्यात स्टाफला असे प्रसंग ओळखायला शिकवणं हे एक आहे. कमिशन कापायला अॅपला तुमचा पत्ता बरोबर सापडते, ट्रेनिंग द्यायला नाही सापडत. त्यांच्या मदत केंद्राला लेखी विचारा, अशा वेळी तुमची पद्धत काय? उत्तर आलं तं मला पाठवा, छापू. आणि एक उलटी गोष्टही सांगून ठेवते, दोन सज्ञान माणसं लग्न न करता आली म्हणून कोणी पोलिसांना फोन लावू नये, तो गुन्हा नाही, लेकरांची काळजी आणि लोकांच्या खोलीत डोकावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाच्याचं. २००६ पासून हॉटेल, धाबा, रिसॉर्टात १४ च्या आतलं लेकरू कामाला ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करायला सूट ठेवली, आणि त्या घरात मामा मोजला आहे. शाळा बुडवून गेस्टची बॅग उचलत असेल तं तुम्ही मामा असून चालत नाही.

सवाल: मी जिप्सी चालवतो. रिसॉर्टवाले गेस्टले सांगतात की वाघ दाखवूच. मग गेस्ट आमच्यावर प्रेशर टाकते, जवळ घे, आडवी लाव, टिप देतो. नाही घेतली तं रिव्ह्यूमधी आमचं नाव खराब, घेतली तं गाडी सस्पेंड. हप्ता मात्र माझ्याच नावावर.

उत्तर: ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्स्यांनी दोन्हीकडून घेरलं, व्हिडिओ फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पहिली गाज कोणावर पडली आठवा, ड्रायव्हर आणि गाइड. चूक झाली नाही असं मी म्हणत नाही, वाघिणीचा रस्ता अडवणं चूकच. पण 'सायटिंग गॅरंटीड' असं पत्रक छापून गेस्टची भूक वाढवणारा माणूस त्या दिवशी जंगलात नव्हता, एसीत होता. वरच्या उत्तरात अमरावतीच्या पोराला मी हातभार म्हणून जे सांगितलं ते हेच.

तुमच्या ड्रायव्हर-गाइड मंडळींनी एक होऊन रिसॉर्टवाल्यांकडे दोनच गोष्टी मागा. बुकिंगच्या कागदावर ठळक छापायचं की वाघ दिसण्याची हमी नाही आणि जंगलात गाइडचा शब्द शेवटचा. आणि गेस्टच्या दबावाची तक्रार ड्रायव्हरनं दिली तं ती रिव्ह्यूच्या आधी ऐकायची. जाहिरातीतली गॅरंटी सापडली तं तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तुमच्या सस्पेन्शनच्या सुनावणीत तोच कामी येईल.

सवाल: आमचं गाव वाघासाठी उठवलं, आता आम्ही नवीन वसाहतीत आहो. जुन्या गावाच्या वाटेवर, बफरच्या कडेले, एक रिसॉर्ट झालं. त्यानं तारेचं कंपाउंड घातलं, मोहफुलाची वाट बंद, देवाकडे जाची वाट बंद. आमच्या देवाचं नाव मात्र रिसॉर्टच्या पाटीवर हाय. मी सत्तरीचा आहो, मले पैशे नाही पाहिजे, वाट पाहिजे.

उत्तर: बाबाजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ताडोबा हे नावच मुळात तारूचं, तळ्याच्या काठावर त्याचं ठाणं, गोंडांचा देव. त्याच्या नावावर केवढा धंदा उभा आहे आणि त्याच्या माणसांना वाट नाही.

गाव उठवलं ते सरकारनं, त्याचा हिशोब रिसॉर्टकडे मागता येत नाही. वन्यजीव कायद्यात २००६ च्या दुरुस्तीनं कलम ३८ व्ही आलं, त्यानुसार वनहक्क ठरवल्याशिवाय आणि ग्रामसभेची राजीखुशीची संमती असल्याशिवाय व्याघ्र प्रकल्पातून कोणाला हलवता येत नाही. पॅकेज कुटुंबामागे १० लाख होतं, २०२१ मध्ये १५ लाख झालं. तुमच्या कागदांत संमतीचा ठराव, वनहक्काचे दावे मंजूर झाले की पडून आहेत, हे पोराबाळांकडून काढून पाहा.

पण वाट अडवली ती रिसॉर्टनं, आणि तिथं त्याची जबाबदारी सरळ आहे. जमीन घेताना सातबारा साफ आहे एवढं पाहून भागत नाही, त्या जमिनीवरून कोण चालत होतं, काय वेचत होतं हेही पाहायचं असते. तीन ठिकाणी धरा त्याला. पहिलं, ती जमीन आदिवासी खातेदाराची होती का? असेल तं महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे बिगर-आदिवासीला विकायला काय, भाड्यानं द्यायलाही कलेक्टरची परवानगी लागते, आणि विक्री किंवा पाच वर्षांच्या वरचा करार असला तं सरकारचीही मंजुरी. 'भाच्याच्या नावावर घेतली' हे प्रकार मी पाहिले आहेत. दुसरं, वाट शेताकडेही जात असेल तं मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा टाका, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत, तारखेला फार महत्त्व आहे. तिसरं, मोहफूल. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करायचा हक्क दिला आहे, पिढ्यान्‌पिढ्या जिथून वेचत आलो तिथला. तुमच्या ग्रामसभेचा सामूहिक दावा झाला नसेल तं तो आधी करा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क भेटला, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव ते. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरीकडे पाचगावनं २०१२ मध्ये हक्क घेतला आणि बांबू स्वतः विकला. तिकडच्या माणसांना एकदा बोलवा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

हे फक्त आपल्याकडेच होते असंही नाही. टांझानियात लोलिओन्डोला जून २०२२ मध्ये १५०० चौरस किलोमीटर जमीन शिकारीच्या राखीव क्षेत्रासाठी आखली, मसाई लोकांवर गोळ्या चालल्या, अशा वेळी सफारी कंपन्यांना त्यांच्याच गिऱ्हाइकांनी विचारायला पाहिजे की तुम्ही ज्या जमिनीवर आम्हाला नेता ती कोणाची. तुमच्या रिसॉर्टच्या गिऱ्हाइकांनीही असं विचारलं पाहिजे. तोपर्यंत ग्रामसभेचा ठराव करून रिसॉर्टला द्या, कंपाउंडला दोन फाटकं ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उघडी, देवाच्या जत्रेला उघडी. दोन फाटकांचा खर्च त्यांच्या एका रात्रीच्या एका रूमएवढाही येत नसेल. मॅनेजर चांगला असला तं कोर्टात जायचं कामच पडणार नाही, आणि असे मॅनेजर असतात, आपल्यातलेच पोरं असतात, त्यांना वरच्यांची भीती असते एवढंच.

सवाल: आम्ही पुण्याहून दरवर्षी येतो. चांगलं रिसॉर्ट ओळखायचं कसं? आणि टिप कुणाला द्यायची, रिसेप्शनच्या डब्यात की हातात?

उत्तर: बुकिंगच्या फोनवर वाघाचं विचारून झालं की विचारा, स्टाफ तुमचा की ठेक्याचा, गावातले किती, झोपायची सोय कुठं. जो माणूस न अडखळता सांगते तिथं जा. जो म्हणते 'सर, असं कधी कोणी विचारलं नाही' तिथंही जा एकदा, पण परत विचारा. मानांकनाच्या पाट्या आणि हिरव्या पानांचे लोगो यांच्यावर माझा फार जीव नाही, बहुतेक पाट्या पाणी आणि प्लास्टिक मोजतात, पगार क्वचितच मोजतात.

टिप हातात द्या. डब्यातली कोणापर्यंत पोचते ते डब्याची किल्ली कोणाकडे आहे यावर असते. आणि टिप भेटते म्हणून पगार कमी ठेवायची सवलत मालकाला आपल्या कायद्यात कुठंच नाही, हे वाक्य टिप देताना जरा मोठ्यानं, काउंटरला ऐकू जाईल असं बोललात तं माझ्याकडून चहा.